परक्याचं काडतूस

ऑरिन हॉगस्टॅडने उभा जन्म शिसं वितळवण्यात घालवला. अर्धा अक्षरांसाठी, अर्धा गोळ्यांसाठी.

आमच्या गावाचं साप्ताहिक निघायचं तेव्हा तो ओळी ओतायच्या यंत्रावर बसायचा. समोर कळफलक, बाजूला उकळतं शिसं. कळा दाबल्या की एकेक ओळ गरमगरम बाहेर पडायची, अक्षरं सगळी उलटी. गुरांच्या लिलावाचे भाव, शाळेच्या बास्केटबॉलचे निकाल, कोणाकडे कोण पाहुणं आलं आणि कोण वारलं, हे सगळं आधी ऑरिनच्या बोटांतून जायचं आणि मग गावाला कळायचं. एकोणऐंशी साली मालकाने फोटोवर छापायचं नवं यंत्र आणलं आणि ऑरिनला म्हणाला, "ते शिसं घेऊन जा बाबा, मला जागा मोकळी हवीय." ऑरिनने पिकअपच्या सात खेपा केल्या. गावाला ती अडगळ वाटली; ऑरिनच्या दृष्टीने ते घबाड होतं. अक्षरांचं शिसं कणखर असतं, साच्याच्या कानाकोपऱ्यात भरतं, आणि मोटारीच्या चाकांना लावतात त्या मऊ शिशात ते मिसळलं की रायफलीची गोळी अशी उतरते की बघत राहावं.

त्याची रायफल जुन्या घाटाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. गोळी अंगठ्याएवढी जाड. क्लीट ब्रुना, पेट्रोल पंपवाला, त्याचा शाळेपासूनचा मित्र, दर हिवाळ्यात ऑरिनकडे एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, मांसावर ताव मारता मारता विचारायचा, "काय रे, या जनावरात कुणाला घातलंस? माझ्या सासूच्या मयताची बातमी तूच ओतली होतीस ना?"

"तिला एवढ्यात काढत नाही," ऑरिन म्हणायचा. "तिला अस्वलासाठी ठेवलंय."

शेड घरामागे. दार सताड उघडं, खाली गॅसची शेगडी, वर बिडाची मूस. शिसं पातळ झालं की ऑरिन त्यात मेणाचा तुकडा टाकायचा. भक्कन धूर व्हायचा आणि मळी वर यायची. ती पळीने काढायची, साचा तापवायचा, ओतायचं, दहा श्वास थांबायचं, लाकडी दांड्याने साच्याला टोला द्यायचा. चांदीसारखी गोळी जुन्या टॉवेलवर टपकन पडायची. बुडाशी सुरकुती दिसली की परत मुशीत. शंभरातल्या तीस-चाळीस परत जायच्या. "छापखान्यात चूक गेली तर पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापता येते," तो म्हणायचा. "इथे नाही येत."

इथे का येत नाही, ते आमच्या भागात पोरासोरांना माहीत आहे. इथे काडतुसं घरीच भरतात, आणि या जातीच्या काडतुसाची पितळी पुंगळी दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीच्या काळ्या दारूसाठी बेतलेली आहे. ती दारू पुंगळीच्या काठापर्यंत भरावी लागे. आजची दारू जहाल. तिचं माप घातलं तर पुंगळीचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. म्हणजे कोठार मोठं आणि धान्य मूठभर. चुकून दोनदा ओतलं तरी बाहेर सांडत नाही, वर गोळी बसली की काही दिसतही नाही. मग रायफल कुणाच्या तरी गालाला लागलेली असताना फुटते. ड्वाइट सोर्ली अजून रोज सकाळी हॉटेलात कॉफी प्यायला येतो; कप डाव्या हाताने धरतो, कारण उजव्याला दोनच बोटं आहेत, आणि बोलताना मान वळवतो, कारण एकच डोळा आहे. त्याने मेव्हण्याने भरलेलं काडतूस उडवलं होतं.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून न्यावा, त्याच्या ताटात जेवावं, वेळ पडली तर त्याच्या बायकोला बाळंतपणाला घेऊन जावं. पण त्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये, आणि आपलं त्याला देऊ नये. मागणंच असभ्य. ऑरिनने छापखान्यातल्या शेवटच्या दिवशी, यंत्र बंद करण्याआधी, हीच एक ओळ ओतली होती: परक्याने भरलेलं काडतूस उडवू नये. ती शिशाची पट्टी त्याने टेबलावरच्या भिंतीला ठोकली. त्याची मुलगी मार्लिस तेव्हा तेरा वर्षांची. ती उलटी अक्षरं आरशाशिवाय घडाघडा वाचायची.

"मग मी तुझी कशी काय उडवते?" तिने विचारलं होतं.

"घरातलं माणूस परकं असतं होय गं?" ऑरिन म्हणाला होता.

आणि रीत पाळायची त्याची पद्धत पक्की होती. वीस भोकांचा एक लाकडी ठोकळा. रिकाम्या पुंगळ्या त्यात तोंड खाली करून उभ्या. एक उचलायची, दारूचं माप घालायचं, तोंड वर करून ठेवायची. तोंड वर असेल तिला हात लावायचा नाही. वीस झाल्या की घराकडे हाक मारायची. मग त्याची बायको आर्डिस स्वयंपाकातून ॲप्रनला हात पुसत यायची आणि टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावायची, पाव फुगलेत का बघावं तशी. "एक... दोन... तीन..." वीसपर्यंत. "सगळ्या सारख्या," म्हणायची आणि निघून जायची. चाळीस वर्षं. ऑरिन तिला चिडवायचा, "एवढं बघतेस, कधी एक तरी चूक सापडली?" ती म्हणायची, "मी बघते म्हणून नाही सापडत."

आर्डिस चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेली. टॉर्च अजून त्याच खिळ्याला आहे.

मग डोळे गेले. अगदी गेले नाहीत. मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि वाढत गेला. कडेने दिसे, समोरचं दिसत नसे. डॉक्टरने गाडी बंद केली. शिकारही गेली, रायफल मार्लिसला दिली. ती बिलिंग्ज शहरात राहायची, पन्नाशीकडे झुकलेली, एकटी, बापासारखीच कमी बोलणारी. पण काडतुसं भरणं त्याने सोडलं नव्हतं, आणि सोडणारही नव्हता. ऑक्टोबरात मार्लिस यायची, वीस काडतुसांची पेटी घेऊन स्नोवी डोंगरात जायची आणि नोव्हेंबरात मांस घेऊन परत यायची. चॉप्स तव्यावर टाकायची. पहिला घास चावून ऑरिन दरवर्षी तेच म्हणायचा: "डोळे गेले, पण हात अजून शाबूत आहे बरं का." त्या एका वाक्यावर तो पुढचं वर्ष काढायचा, असं म्हटलं तरी चालेल. म्हाताऱ्या माणसाला जगायला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते लागतंच.

तीन वर्षांपूर्वी मार्लिसने भिंतीवरची ती ओळ मागून नेली होती. पोरीला बापाची आठवण हवीशी वाटली म्हणून ऑरिन दोन दिवस खुशीत होता. क्लीटलाही सांगून आला.

यंदा त्याने सोमवारी काडतुसं भरली. मध्येच फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्यातली बाई होती, तारीख बदलायची होती. परत आला तेव्हा पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या होत्या. तो कडेच्या नजरेने बघत, बोटांनी चाचपत पुढे भरत गेला. शेवटी टॉर्चही मारला. बुधवारी मार्लिस आली, पेटी घेऊन, गालाला गाल लावून गेली.

शनिवार शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. गावात चिटपाखरू नाही, सगळे डोंगरात. ऑरिन सकाळी कॉफी घेऊन शेडमध्ये आवराआवर करायला गेला. दारूच्या डब्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर भरण्याआधीचं वजन तो नेहमी ठळक आकड्यात लिहायचा, आणि भरून झाल्यावर पुन्हा वजन करायचा. या वेळी दुसरं वजन करायचं राहिलं होतं. त्याने डबा काट्यावर ठेवला. आकडा कडेच्या नजरेने वाचला. मग भिंग आणून वाचला. मग डबा उतरवून, काटा शून्यावर आणून, पुन्हा ठेवला.

तीन मापं जास्त गेली होती.

वीस पुंगळ्यांना तेवीस मापं. सांडली असती तर टेबलावर दिसली असती. त्याने गुडघ्यावर बसून फरशी चाचपली, बोटांना फक्त शिशाचे कण लागले. त्याला सोमवार आठवेना. फोन आठवला, बाईचा आवाज आठवला, तिने दिलेली तारीखसुद्धा आठवली. परत आल्यावर पुंगळ्यांची तोंडं कुठल्या बाजूला होती, ते काही केल्या आठवेना. कॉफी गार झाली. विसांतली तीन काडतुसं मार्लिसच्या गालाजवळ फुटायला तयार होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, पेटीत भरून, तिला दिली होती.

त्याने तिचा फोन लावला. डोंगरात फोन लागत नाही हे त्याला माहीत होतं. तरी सात वेळा लावला. क्लीटचा लावला. क्लीटही डोंगरात, पण पलीकडच्या अंगाला. शेरीफच्या कचेरीतल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रेडिओवर निरोप टाकते, पण आज माणसं पांगलीयत हो, काका. कोणाचं काडतूस म्हणालात?"

"माझं," ऑरिन म्हणाला. हा एक शब्द बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिकअपची चावी मार्लिसने वसंतातच काढून नेली होती. दुसरी चावी आर्डिसच्या बटणांच्या डब्यात होती, हे मार्लिसला माहीत नव्हतं. ऑरिनने डबा ओट्यावर उपडा केला आणि चावी घेतली.

साठ मैलांचा रस्ता. निम्मा डांबरी, निम्मा खडीचा. समोर बघितलं की रस्त्याच्या जागी धूर. म्हणून तो तोंड उजवीकडे फिरवून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्ता बघत गेला, नवऱ्यावर रुसलेली बाई बसते तसा. पंचवीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. खडीवर पातळ बर्फ होतं. तो आर्डिसशी बोलत होता, मोठ्याने. "तू असतीस तर दिसलं असतं. मी म्हणायचो ना, काय बघतेस. हे घे. हे बघ आता."

गुरांच्या फाटकापाशी उतरून त्याने तारेचं कडं काढलं, आणि वर डोंगरात बार झाला.

ऑरिन तसाच उभा राहिला. पन्नास वर्षं तो आवाजावरून बंदूक ओळखायचा. नव्या रायफलींचा आवाज चाबकासारखा. त्याच्या रायफलीचा दमदार, पोटातून आल्यासारखा. हा कुठला होता? त्याला सांगता येईना. फुटलेल्या बंदुकीचा आवाज कसा असतो, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हातातलं कडं खाली पडलं, आणि ते बर्फात शोधायला त्याला पाच मिनिटं लागली. फाटक लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही इथली शिस्त. मुलगी मेली असेल असं वाटत असतानाही त्याने फाटक लावलं.

तंबू नेहमीच्या जागी होता. मार्लिसची गाडी होती, तवा उलटा घालून ठेवलेला होता, मार्लिस नव्हती. तो पिकअपच्या पायरीवर बसला, आणि तासाभराने ती झाडीतून उतरून आली. खांद्यावर रायफल, हातपाय धड, दोन्ही डोळे जागेवर.

"बाबा?" ती थबकली. "तू गाडी चालवत आलास? अरे, वेड लागलंय का तुला?"

"किती उडवलीस?"

"काय?"

"काडतुसं गं! किती उडवलीस?"

"एक. सकाळी. हुकलं."

"देवा रे." ऑरिनने दोन्ही हातांनी तिचं जॅकेट धरलं. "बाकीची आण. सगळी आण इकडे. तीन मापं जास्त गेलीत, मार्लिस. कशात गेलीत मला ठाऊक नाही. तुझ्या डोक्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या."

मार्लिसने रायफल गाडीला टेकवली. ती दचकली नाही, शिव्या घातल्या नाहीत, पेटीकडे धावलीसुद्धा नाही. कडेने का होईना, ऑरिनला एवढं दिसलं. तिने त्याचे हात जॅकेटवरून सोडवले आणि स्वतःच्या हातात धरून ठेवले.

"तीन नाही," ती म्हणाली. "चार पुंगळ्यांत दुप्पट होती. आणि एकीत काहीच नव्हती."

ऑरिनला हिशेब लगेच लागला. चार जास्त, एक कमी, तीन. डोकं अजून चालत होतं, तेच वाईट झालं.

"तुला कसं कळलं?"

"बुधवारीच उघडली. घरी गेल्या गेल्या." ती खाली बघत होती. "दरवर्षी उघडते."

"दरवर्षी म्हणजे?"

"आई गेल्यापासून. बघायला कोणी नव्हतं ना, म्हणून पहिल्या वर्षी सहज उघडली. एकीत दुप्पट निघाली. पुढची दोन वर्षं सगळी बरोबर होती, मला वाटलं संपलं. गेल्या वर्षी दोन."

वरच्या फांदीवरून बर्फ घसरून तंबूवर पडलं. ऑरिनला विचारायचं होतं की मग मी चार हिवाळे कुणाच्या काडतुसाचं मांस खाल्लं. त्याने विचारलं ते वेगळंच.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पहिल्याच वर्षी. चॉप्स वाढून बसले होते, तोंड उघडणार एवढ्यात तू म्हणालास, हात अजून शाबूत आहे." तिचा आवाज फाटला. "मग मी काय करणार होते, बाबा? तू सांग ना. काय करणार होते मी?"

तिने त्याला फाडून खाल्लं असतं तर बरं, असं ऑरिनला वाटलं. म्हातारचळ लागलाय, मारायला निघालास मला, असं काहीही म्हणाली असती तर त्याला भांडता आलं असतं. या मायेपुढे त्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

"गोळ्या तुझ्याच असतात," ती घाईने म्हणाली. "गोळी मी कधी टाकत नाही. काढते, पुसते, परत तीच बसवते. दारू फक्त माझी. गोळी अजून कोणाला तुझ्यासारखी जमत नाही, खरंच सांगते."

"ती ओळ," ऑरिन म्हणाला. "माझ्या भिंतीवरची. कुठे आहे?"

मार्लिसने त्याचे हात सोडले.

"मार्लिस."

"माझ्या टेबलावर. समोरच ठोकलीय."

"म्हणजे मी परका."

"असं नको ना म्हणू."

"ओळीत तेच आहे. मीच ओतलीय." घरातल्या माणसाची सूट त्याने तोंडी दिली होती, ओतताना तेवढी जागा पट्टीत उरली नव्हती. शिशात फक्त नियम उतरला होता, आणि मुलीने तो बापाने शिकवला तसाच पाळला होता. ती चुकली असती तर ड्वाइट सोर्लीसारखी डाव्या हाताने कप धरून बसली असती. तिचं बरोबर होतं. ऑरिनला धरायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

तिने त्याला अंड्याचं सँडविच करून दिलं, ते त्याने खाल्लं. मग तिने हात पुढे केला, आणि त्याने बटणांच्या डब्यातली चावी तिच्या तळहातावर ठेवली. चार वाजता ती परत वर जायला निघाली. जाऊ नको असं तो म्हणेल म्हणून ती जरा रेंगाळली. तो म्हणाला, "जा. या वेळेला जनावरं पाण्यावर उतरतात."

दिवस मावळायच्या आत बार झाला. दमदार, पोटातून आलेला. या वेळी ऑरिनने ओळखला. तो दुसऱ्याची वाट बघत राहिला. दुसरा झाला नाही, म्हणजे एका गोळीत जनावर पडलं होतं. पूर्वी अशा वेळी तो एकटा असला तरी मांडीवर थाप मारायचा. आता त्याच्या मनात आलं ते एवढंच की बंदूक फुटली नाही, पोरगी ठीक आहे. शेजारच्या कुणाच्या मुलीबद्दलही त्याला एवढंच वाटलं असतं, आणि ते लक्षात आल्यावर तो रडला, पिकअपच्या पायरीवर, हाताने तोंड दाबून, जनावरं बुजू नयेत म्हणून.

कोपरापर्यंत रक्ताने माखलेली मार्लिस खाली आली. "एकच, बाबा!" ती लांबूनच ओरडली. "तुझी गोळी!"

"छान," ऑरिन म्हणाला.

नोव्हेंबरात ती मांस घेऊन आली. आल्या आल्या शेडमध्ये डोकावली. मुशीत शिसं थिजलेलं होतं आणि त्यात पळी उभीच्या उभी अडकलेली होती. तिने ती हलवून बघितली, हलली नाही. "पुढच्या वर्षासाठी गोळ्या ओतशील ना?" तिने आत येऊन विचारलं. "बघू," तो म्हणाला. तिने चॉप्स तव्यावर टाकले, कांदा टाकला, त्याचं ताट वाढलं आणि समोर बसली. ऑरिनने पहिला घास घेतला. मार्लिस काटा हातात धरून, त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

तो घास त्याने बराच वेळ चावला. मग मीठ मागितलं.